रेमो फर्नांडिस

रेमो फर्नांडिस (जन्म: ८ मे १९५३) हे गोव्यातील गायक, गीतकार व संगीतकार आहेत. पाश्चात्त्य रॉक आणि गोव्याचे लोकसंगीत यांच्या मिलाफासाठी ते ओळखले जातात. मुंबईच्या सर ज. जी. वास्तुशास्त्र महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले.

कारकीर्द

गोवन क्रेझी (१९८४) हा संग्रह त्यांनी घरीच ध्वनिमुद्रित केला. त्यातील वाद्ये त्यांनी स्वतः वाजवली आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानांत पोहोचवल्या. पॅक दॅट स्मॅक (१९८६) या संग्रहाचे शीर्षकगीत अमली पदार्थांच्या विरोधात आहे.

वाद

राजीव गांधी पंतप्रधान असताना रेमो यांनी त्यांच्यासमोर गोव्यातील प्रश्न मांडणारे हॅलो राजीव गांधी हे गीत गायले. त्यावर स्थानिक वृत्तपत्रातून औचित्यभंगाची टीका झाली. राजीव गांधींनी मात्र गाणी आवडल्याचे पत्राने कळवले.

सांगीतिक ओळख

बॉम्बे (१९९५) मधील हम्मा हम्मा आणि प्यार तो होना ही था (१९९८) चे शीर्षकगीत यांमुळे ते देशभर पोहोचले. या चाली अनुक्रमे ए. आर. रहमान व जतीन-ललित यांच्या आहेत. त्यामुळे हिंदी चित्रपटांचे श्रोते त्यांना पार्श्वगायक मानतात, तर जुन्या चाहत्यांच्या लेखी ते प्रथम स्वतःची इंग्रजी गीते रचणारे रॉक कलावंत आहेत.

सन्मान व उत्तरायुष्य

२००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उतारवयात ते पोर्तुगालमध्ये राहू लागले. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.