टाचणीखालची चिठ्ठी

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. नागपूरकर त्यास आजही ‘अजब बंगला’ म्हणतात. या शहरातील हौशी निसर्गछायाचित्रणाचा इतिहास लिहायचा, तर आरंभ कॅमेऱ्यापासून नव्हे, या बंगल्यापासून करावा लागेल. याच संग्रहालयातील ई. ए. डी’अब्रू यांनी १९३१ साली तत्कालीन मध्य प्रांतातील फुलपाखरांची यादी प्रसिद्ध केली. तीत १७७ जाती आहेत. त्या काळी अभ्यासकाची साधने म्हणजे जाळे, विषाची बाटली आणि टाचणी. जीव घेतल्यावाचून नोंद पुरी होत नसे. मात्र टाचणीखाली एक चिठ्ठी असे: कीटक कोठे, केव्हा आणि कोणास सापडला. संग्रहाचे खरे मोल पंखांच्या रंगाइतकेच त्या चिठ्ठीत होते.

फिल्मच्या काळात छत्तीस चित्रांचा रोल जपून वापरावा लागे. फुलपाखरामागे तो उधळणे थोड्यांनाच परवडे. २००० नंतर डिजिटल कॅमेरा आला आणि ही काटकसर संपली. पावसाळ्यात अंबाझरीच्या सांडव्यावरचे पाणी रेशमासारखे दिसावे म्हणून झडप सेकंदभर उघडी ठेवायची, आणि तेथेच गवतावर बसलेला चतुर उडण्याआधी सेकंदाच्या पाचशेव्या भागात टिपायचा, हा खेळ हौशी माणूस एकाच सकाळी खेळू लागला. त्यातून टाचणीला कधीच न दिसलेले काही दिसले: कढीपत्त्याच्या पानावर अंडी घालणारी मादी, अळीभोवती घुटमळणाऱ्या मुंग्या. मेलेल्या फुलपाखराला परिसर नसतो. (पाण्याकाठच्या एका नाजूक कीटकालाही मराठीत ‘टाचणी’च म्हणतात, हा भाषेचा मिस्कीलपणा.)

तरीही छायाचित्राने टाचणीची जागा पूर्णपणे घेतली, असे म्हणणे धाडसाचे होईल. काही चपळ फुलपाखरे परस्परांशी इतकी सारखी असतात की सूक्ष्मदर्शकाखाली शरीररचना तपासल्याशिवाय जात ठरत नाही. चित्र कितीही रेखीव असो. २००९ साली नागपूर व परिसरातील १४५ जातींची नोंद करणारा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्यामागेही ऋतुमान व अधिवास यांची चिकाटीने ठेवलेली टिपणे होती. प्रदर्शनांच्या भिंतींवर मात्र ‘नजाकत’, ‘क्षण’ अशी शीर्षके आढळतात. गाव आणि तारीख क्वचितच.

हा दोष माझाही आहे. माझ्या जुन्या चित्रांत एक टाचणी आहे, पात्यावर विसावलेली. कॅमेऱ्याने तिच्यावर घातलेली तारीख १ जानेवारी २००० आहे; घड्याळ लावायचे राहून गेले होते. तळे बहुधा गोरेवाड्याचे असावे.