‘पीसी लोड लेटर’ : एका कोड्याचा उलगडा

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि नव्वदच्या दशकात लेसर छपाईयंत्र वापरणाऱ्या अनेकांना एका कोड्याने छळले. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या लेसरजेट यंत्रावर एक अरुंद पट्टी असे. छपाई चालू असताना यंत्र मध्येच थांबे आणि त्या पट्टीवर ‘पीसी लोड लेटर’ अशी अक्षरे उमटत. यंत्रात कागद असे, शाई असे, संगणकाशी जोडणीही ठीक असे. मग हे यंत्र मागते तरी काय? ‘पीसी’ म्हणजे आपला संगणक, ‘लेटर’ म्हणजे पत्र, असा अर्थ लावून लोक संगणकातील पत्र पुन:पुन्हा यंत्राकडे पाठवीत. यंत्र मात्र हटून बसे. १९९९ साली आलेल्या ‘ऑफिस स्पेस’ या अमेरिकन चित्रपटातील कर्मचारी याच संदेशावर चिडतो. म्हणजे इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा, त्यांनाही हे इंग्रजी कळत नव्हते!

उत्तर साधे आहे. येथे ‘पीसी’ म्हणजे पेपर कॅसेट, अर्थात कागदाचा ट्रे. ‘लोड’ म्हणजे भरा. ‘लेटर’ हे कागदाच्या एका आकाराचे नाव आहे. ‘ट्रेमध्ये लेटर आकाराचा कागद भरा’ एवढेच यंत्राला म्हणायचे होते. पट्टीवर मोजकीच अक्षरे मावत, म्हणून सूचना आखडून लिहिलेली.

पण ट्रेमध्ये कागद असतानाही यंत्र कागद का मागत असे? याचे कारण समजण्यासाठी आपल्याला दोनशेहून अधिक वर्षे मागे जावे लागेल.

जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात गेओर्ग क्रिस्टोफ लिष्टेनबर्ग हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. २५ ऑक्टोबर १७८६ रोजी त्यांनी योहान बेकमान यांना एक पत्र लिहिले. बीजगणित शिकणाऱ्या एका इंग्रज तरुणाला आपण घातलेले गणित त्यात दिले आहे. असा कागद शोधायचा, की जो मधोमध दुमडला, पुन्हा दुमडला, तरी प्रत्येक वेळी मूळ कागदाशी समरूप राहील. रुंदी १ आणि लांबी क्ष मानली, तर अर्ध्या कागदाच्या बाजू १ आणि क्ष/२ होतात. दोन्ही गुणोत्तरे सारखी हवीत, म्हणून क्षचा वर्ग २. लांबी रुंदीच्या सुमारे १.४१४ पट हवी. विद्यार्थ्याच्या वहीत शोभावे असे हे गणित पुढे जगभरच्या कचेऱ्यांत पोहोचले. १९२२ साली वाल्टर पोर्स्टमान यांच्या पुढाकाराने जर्मनीने या गुणोत्तरावर आधारलेले प्रमाण आकार ठरविले. ए० या मोठ्या कागदाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर. तो चार वेळा निम्मा केला की ए४, म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर. १९७५ साली हेच आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले. भारतानेही ते स्वीकारले.

अमेरिकेत मात्र साडेआठ इंच रुंद आणि अकरा इंच लांब असा लेटर कागदच रूढ राहिला. तो ए४ पेक्षा सहा मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर आखूड आहे. संगणकावरील लेखनाच्या पुष्कळशा प्रणाली अमेरिकेत तयार झाल्या. त्यांत आपण काही सांगितले नाही, तर पान लेटर आकाराचेच धरलेले असे. ट्रेमध्ये ए४ आणि मजकूर लेटरवर, अशी गाठ पडली की यंत्र थांबे. अशा वेळी कागद नव्हे, तर संगणकातील पानाचा आकार बदलायला हवा होता. यंत्राने दिलेल्या संदेशातून हा उपाय सुचणे अवघडच.

या कथेत गंमत अशी, की त्याच यंत्राच्या पोटात लिष्टेनबर्ग यांचा आणखी एक शोध दडलेला आहे. राळेच्या थाळीवर विद्युतभार दिला आणि तिच्यावर बारीक पूड टाकली, की पूड भारित जागी चिकटून फांद्याफांद्यांची सुंदर नक्षी उमटते, हे त्यांना १७७७ च्या सुमारास दिसले. न्यूयॉर्कमध्ये पेटंटविषयक काम करणारे चेस्टर कार्लसन कागदपत्रांच्या नकला करून कंटाळले होते. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी त्यांनी सहायक ओटो कोर्नाई यांच्यासह गंधकाचा लेप दिलेली जस्ताची पट्टी रुमालाने घासून भारित केली. अक्षरे लिहिलेल्या काचेतून तिच्यावर प्रकाश टाकला. प्रकाश पडला तेथला भार निघून गेला आणि अक्षरांच्या जागी तो राहिला. वर टाकलेली पूड तेवढ्याच जागी चिकटली. मग मेणकागद दाबून ती अक्षरे उचलली. झेरॉक्सचा जन्म हा असा झाला. १९६९ साली झेरॉक्स कंपनीतील गॅरी स्टार्कवेदर यांना सुचले, की मूळ प्रतीवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाऐवजी संगणकाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या लेसर किरणानेच अक्षरे का लिहू नयेत? वरिष्ठांचा विरोध होता. तरी कॅलिफोर्नियातील कंपनीच्या दुसऱ्या प्रयोगशाळेत बदली मिळवून १९७१ साली त्यांनी यंत्र चालवून दाखविले. १९८४ साली पहिले लेसरजेट बाजारात आले आणि हे तंत्र मेजावर बसले.

म्हणजे भार, प्रकाश, पूड आणि उष्णता यांचा मेळ घालून एका इंचात तीनशे ठिपके नेमके बसविणारे यंत्र माणसाने बनविले. पण त्या यंत्राला आपली गरज माणसाला सांगता आली नाही. कमी जागा हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक खोल आहे. संदेश लिहिणाऱ्याला ‘पीसी’ म्हणजे काय हे इतके ठाऊक होते, की वाचणाऱ्याला ते ठाऊक नसेल ही शंकाच त्याच्या मनात आली नसावी. फळ्यावर ‘ल.सा.वि.’ किंवा ‘प्र.ता.दा.’ लिहून पुढे जाताना आपल्याही हातून हेच घडू शकते. आणि उत्तर येत नाही म्हणून विद्यार्थी गप्प बसतो, तेव्हा त्याला गणित अडले आहे की आपले संक्षिप्त रूप, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

वर्गात एक ए४ कागद जरूर न्या. मुलांना त्याच्या बाजू मोजून भागाकार करू द्या. मग दुमडून पुन्हा तेच. नंतर २१६ × २७९ मिलिमीटरचा लेटर कागद कापून तीच कृती करा. पहिले गुणोत्तर सुमारे १.२९ येईल, निम्म्याचे १.५५. दोन कागदांतला फरक मुलांना हातानेच कळेल.