पावणेतीन अधिक किती?

क्ष + 2.75 = 6.5. शाळेतलं गणित. दोन्ही बाजूंतून 2.75 वजा केले की क्ष = 3.75. पण जुन्या हिशेबांवर संशोधन करायचं असेल तर या ओळीपाशी जरा थांबा, कारण तिचे तुकडे वेगवेगळ्या काळातले आहेत. बाराव्या शतकातले भास्कराचार्य अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणत, थोडक्यात 'या', आणि समीकरणाचे दोन पक्ष एकाखाली एक मांडत. बरोबरचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डच्या पुस्तकात 1557 मध्ये आलं. व्यापारी नि मोजणीदारांना दशांश शिकवणारी सायमन स्टेव्हिनची पुस्तिका 1585 ची. तिच्यात दशांशाचा टिंब नाहीच, वर्तुळातले आकडे आहेत.

आपल्या रोजच्या पैशांत दशांश आला तो 1 एप्रिल 1957 ला. त्याआधी रुपयाचे 16 आणे, आण्याच्या 12 पै. वरचंच गणित तेव्हा असं: 2 रुपये 12 आण्यांत किती घातले की 6 रुपये 8 आणे होतात? 8 तून 12 जात नाहीत, म्हणून एक रुपया मोडायचा, झाले 24 आणे. उत्तर 3 रुपये 12 आणे. उसना घ्यायचा तो 16 चा, 10 चा नव्हे. अर्थात पाऊणकी, अडीचकी पाठ असलेल्याला एवढा खटाटोप कशाला? पावणेतीन ते साडेसहा, म्हणजे पावणेचार!

घोळ होतो तो आपल्या संगणकावर. वहीतले 6-8 आणि 2-12 कुणी 6.8 आणि 2.12 असे भरले, की वजाबाकी 4.68 येते. आकडा दिसायला इतका नीटनेटका, की कुणाला खटकतही नाही.

1957 नंतरच्या काही वर्षांची कागदपत्रं त्याहून फसवी आहेत, कारण जुनी-नवी नाणी तेव्हा एकत्रच चालत होती. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. ते पूर्ण पैशांत बसवताना 1 आण्याचे 6, 2 आण्यांचे 12, पण 3 आण्यांचे 19 (खरे 18.75). आता क्ष + 12 = 19 सोडवा. क्ष = 7. बीजगणित अचूक, पण दोनाचे तीन आणे व्हायला लागला एकच आणा, आणि तो तर 6 पैशांचा! तुमच्या तक्त्यात मात्र ही एका पैशाची भाववाढ म्हणून मिरवेल.

त्यामुळे रुपये, आणे, पै यांचे तीन वेगळे रकाने ठेवा आणि हिशेब पूर्ण पैंत करा. रुपयाच्या 192 पै, तेव्हा 1248 वजा 528, उरल्या 720. दशांशात जायचं ते अगदी शेवटी, 720 ला 192 ने भागून.