खाँसाहेबांची शाळा

मिलादच्या कार्यक्रमात माझ्या सातवीच्या वर्गातील एका मुलाने नात म्हटली. आमचे घोडेगाव नगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचे गाव. बाहेरच्यांना ते जनावरांच्या बाजारामुळे आणि शनिशिंगणापूरच्या फाट्यामुळे ठाऊक. गाण्यासाठी ते कुणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्या मुलाचा आवाज असा लागला की मागे चहा वाटणारेही जागच्या जागी थांबले. कार्यक्रम संपल्यावर त्याचे वडील जवळ आले. याला कुठे शिकवता येईल का, असे त्यांनी विचारले आणि लगेच आवाज खाली आणून पुढे म्हणाले, "शिकवावं का पण?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही. संगीताविषयी उलेमांमध्ये जुने मतभेद आहेत आणि मी मुफ्ती नाही. पहिला प्रश्न मात्र मास्तराचा होता. कोवळ्या आवाजाच्या, रिकाम्या खिशाच्या मुलाला कोण शिकवणार? याच महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी या प्रश्नाला उत्तर होते, आणि ते देणारी माणसे बहुतेक आपलीच होती.

हे सांगताना एक जुना आरोप आधी समोर घ्यायला हवा. मुसलमान उस्तादांनी विद्या लपवून ठेवली, घरच्या पोरांखेरीज कुणाला दिली नाही, असे संगीताच्या पुस्तकांतून सर्रास लिहिले जाते. त्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे जमीन नाही, जुमला नाही, त्याचे वतन म्हणजे गळ्यातल्या चिजा. संस्थानिकाची मर्जी फिरली की बिछाना गुंडाळायचा, अशी ज्याची नोकरी, तो आपली पुंजी रस्त्यावर कशी उधळील? पण आरोप करणारे तेवढेच सांगून थांबतात. महाराष्ट्रात आलेल्या उस्तादांनी ती पुंजी कुणाला दिली, हे पुढे सांगत नाहीत. भास्करबुवा बखले बडोद्याच्या फैज महंमद खाँकडे शिकले, आग्रा घराण्याच्या नथ्थन खाँकडे शिकले आणि अल्लादिया खाँकडेही शिकले. या तिघांपैकी कुणाशीही त्यांचे रक्ताचे नाते नव्हते. याच बुवांनी १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाज काढला आणि बालगंधर्वांना गाणे दिले.

मला मात्र सर्वांत जवळचे वाटतात ते अब्दुल करीम खाँ. कदाचित त्यांनी शाळा काढली म्हणून असेल. मास्तराला मास्तराचे कौतुक.

उत्तरेतल्या कैराना गावी १८७२ मध्ये त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायक होते. तिथे सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत. दोघांनी बडोदे सोडले, लग्न केले आणि पुढे मिरजेशी त्यांचे नाते जुळले. मिरज त्यांना का मानवली, याची अनेक कारणे सांगतात. ख्वाजा शमना मीरांचा दर्गा आहे, आणि तंबोरे-सतारी करणारे शिकलगारही तिथलेच. हत्यारे घडवणाऱ्या या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात भोपळ्याला हात घातला आणि मिरजेचे तंबोरे देशभर गेले. खाँसाहेबांचा स्वतःचा हातही वाद्यदुरुस्तीत चालत असे. सुराच्या बारकाव्याचे त्यांना इतके वेड, की सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज अधिकारी श्रुतींची मोजदाद करू लागले, तेव्हा प्रात्यक्षिकासाठी गळा लागला तो खाँसाहेबांचा.

१९१३ मध्ये त्यांनी पुण्यात 'आर्य संगीत विद्यालय' काढले. नावाकडे लक्ष द्या. कैरान्याचा मुसलमान उस्ताद टिळकांच्या पुण्यात शाळा काढतो आणि तिला 'आर्य' म्हणतो. कुणी यात व्यवहार पाहील, कुणी मोठे मन. मला दोन्ही दिसतात आणि दोन्हींत काही गैर वाटत नाही.

शाळेची रीत मात्र जुन्या तालमीची होती. मुले उस्तादांच्या घरीच राहत, तिथेच जेवत, घरातली कामे करत आणि गात. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्यासाठी दार बंद नव्हते. खर्च भागवायला जलसे होत, आणि शागीर्दांनाही लोकांसमोर बसवले जाई. आम्ही बी.एड.ला पाठटाचण लिहितो: उद्दिष्टे, साहित्य, मूल्यमापन. खाँसाहेबांकडे असे टाचण नसणार. पण मुलाला लवकर श्रोत्यांसमोर बसवायचे, फजिती झाली तर सावरायला मागे उस्ताद आहेच, ही शिकवण्याची पद्धत आम्हाला कुठल्या तासाला सांगितली गेली नाही. गणपतराव बेहेरे, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी ही या तालमीतली माणसे. कपिलेश्वरींनी पुढे उस्तादांचे चरित्र लिहिले. ते १९७२ मध्ये, खाँसाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, प्रसिद्ध झाले. मराठीत एका मुसलमान गवयाचे एवढे तपशीलवार चरित्र लिहायला त्यांचा हिंदू शागीर्द बसला, हेही ध्यानात ठेवावे.

शाळा निघण्याआधीच त्यांच्याकडे कुंदगोळचा रामभाऊ येऊन गेला होता. आठ वर्षे शिकशील तरच शिकवीन, अशी खाँसाहेबांची अट होती. आज आठ आठवड्यांच्या शिबिराची जाहिरात पाहिली की ही आठ वर्षे आठवतात. रामभाऊ पुढे नाटकात गेला, ते उस्तादांना रुचले नाही. पण तोच सवाई गंधर्व झाला आणि त्यानेच कुंदगोळात गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी घडवले. भीमसेन १९३६ मध्ये त्यांच्याकडे गेले. गुरूच्या घरी पाणी भरून गाणे शिकले. म्हणजे कैरान्याची रीत दोन पिढ्यांनी कानडी मुलखात तशीच चालू होती.

सगळ्याच उस्तादांकडे गरीब मुलांसाठी अशी मोकळीक नव्हती, हेही सांगितले पाहिजे. अल्लादिया खाँ कोल्हापूरला शाहू महाराजांच्या आश्रयाला होते. सांगलीत त्यांनी कोवळ्या मोगूबाई कुर्डीकरांचा रियाज बाहेरून ऐकला आणि आपण होऊन शिकवायला सुरुवात केली. पुढे १९२१ मध्ये केसरबाई केरकर शागीर्द झाल्या. त्यांच्यामागे धनिकांचे बळ होते, आणि दुसऱ्या बाईला शिकवू नये असा आग्रहही. मोगूबाईंची तालीम तुटली. उस्तादांचे बंधू हैदर खाँ यांनी ती पुढे सांभाळली. पैसा तेव्हाही विद्येच्या दारात उभा होता.

खाँसाहेबांच्या घराची कथा शेवटी सुखाची नाही. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. शाळेचा कणा त्याच होत्या. पुढे ती टिकली नाही. घरातला अब्दुल रहमान हा सुरेशबाबू माने झाला, चंपाकली ही हिराबाई बडोदेकर झाली, सकीना ही सरस्वती राणे झाली. नावे गेली, गाणे राहिले. हिराबाईंना अब्दुल वहीद खाँची तालीम मिळाली होती. सुरेशबाबूंनी माणिक वर्मा आणि प्रभा अत्रे यांना शिकवले. आमच्या सभांमध्ये वक्ते उस्तादांची लांबलचक यादी वाचतात आणि टाळ्या घेतात. या तिघांची नावे त्या यादीत मी कधी ऐकली नाहीत. ती मुसलमानांच्या यादीत बसत नाहीत आणि बापाच्या नावाने दुसऱ्या यादीतही बसत नाहीत.

खाँसाहेब २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत गेले. छातीत कळ आली म्हणून सिंगपेरुमलकोईल या लहानशा स्टेशनावर उतरले आणि तिथेच नमाज पढून देह ठेवला, असे सांगतात. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावतात. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्वांच्या नावाने महोत्सव होतो. तो भरवणाऱ्या संस्थेचे नाव आर्य संगीत प्रसारक मंडळ. ते वाचताना दर वेळी मला १९१३ ची पाटी दिसते. मंडपातल्या किती जणांना ती दिसते, कोण जाणे.

या सगळ्या शागीर्दांत आपल्या मराठी मुलखातल्या मुसलमानांची मुले किती, हे मी मोजू लागलो आणि बोटे उरली. कैरान्याचे उस्ताद, कुंदगोळचा रामभाऊ, मिरजेचे कारागीर मुसलमान, पण त्या कारागिराच्या पोराने तंबोरा घडवला आणि गायला बसला दुसरा. हे कुणी अडवले म्हणून झाले की आपणच उंबऱ्यावर उभे राहून विचारत बसलो, शिकवावं का पण?

आमच्या भागात उस्ताद नाही. शेजारच्या गावात भजनी मंडळाची पेटी वाजवणारे एक म्हातारे महाराज आहेत, त्यांचा सूर पक्का आहे. मुलाला आणि त्याच्या वडिलांना घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. वडिलांनी फी विचारली. महाराजांनी ते ऐकले न ऐकले केले आणि मुलाला म्हणाले, "लवकर येत जा. आधी सतरंजी झाडायची. मग महिनाभर नुसता सा."