स्पर्धकांची एकच बिल्टी

श्रोतेहो, शिंदे आणि होळकर यांच्या वैराची कथा इंदूरकरांस नव्याने सांगावयास नको. 1801 साली शिंद्यांच्या फौजेने हे शहर लुटले. पुढे पाऊणशे वर्षांच्या आतबाहेर याच दोन घराण्यांचा पैसा याच शहरी रुळांच्या रूपाने एकत्र आला. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खांडवा-इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारास एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, 101 वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिले. इंदूर-नीमच मार्गासाठी जयाजीराव शिंद्यांनी 75 लाख दिले. 1876 साली नर्मदेवरील पूल खुला झाला आणि 1881-82 च्या सुमारास हे दोन्ही मार्ग राजपुताना-माळवा रेल्वेत विलीन झाले.

परंतु खरी कसोटी खांडव्यास होती. तेथे ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचे रूळ साडेपाच फूट रुंदीचे, आणि आपले, खर्च वाचावा म्हणून, अवघे एक मीटर रुंदीचे. डबा पुढे जाणे शक्यच नव्हते. मुंबईस निघालेला कापसाचा गठ्ठा हमालाच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्यात जाई. शिवाय 1885 पासून आपल्या मार्गाची व्यवस्था बडोद्याच्या बाजूने मुंबई गाठणाऱ्या बी. बी. अँड सी. आय. कंपनीकडे आली. म्हणजे खांडव्यास माल सोपवायचा तो प्रतिस्पर्ध्याच्याच हाती!

अशा वेळी भाड्याचा वाटा कोणी किती घ्यावा? वाटेत गठ्ठा भिजला तर भरपाई कोणी द्यावी? हेच प्रश्न इंग्लंडातील कंपन्यांपुढेही उभे राहिले होते. त्यांनी 1842 साली लंडनमध्ये हिशेबाची एक सामाईक कचेरी उघडली. जंक्शनवर तिचे कारकून डब्यांचे क्रमांक टिपून घेत आणि ज्याच्या रुळांवर माल जितके मैल धावला, त्या मानाने उत्पन्नाची वाटणी होई. भारतातही पुढे इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशनने माल व डबे यांच्या देवघेवीचे समान नियम घालून दिले.

यात मैत्रीचा भाग थोडाच होता. आपल्या सराफ्यातील पेढ्याही गिऱ्हाइकासाठी एकमेकींशी झगडत. तथापि परक्या पेढीची हुंडी त्या सकारीत, कारण ती नाकारली तर उद्या आपलीही नाकारली जाईल हे त्या जाणून होत्या. सहकार्यास प्रेमाहून चोख वही अधिक उपयोगी पडते.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. भाड्याची वाटणी कागदावर करता आली, रुळांची रुंदी तशी जुळवता आली नाही. आणि ज्या ठिकाणी मेळ बसला नाही, तेथील ओझे हमालाच्या पाठीने वाहिले. आज एका मालवाहतूकदाराचा ट्रक रिकामा परततो आणि त्याच रस्त्याने दुसऱ्याचा रिकामा जातो, तेव्हा त्याचेही मोल कोणीतरी भरतच असतो. तो कोण, एवढे प्रत्येकाने मनाशी विचारावे.