ग्रामवाचनालय आणि त्याचा सेवक

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी जी स्मरणिका निघते, तीत वास्तूंचा, देणगीदारांचा व अधिकाऱ्यांचा इतिहास येतो, आणि तो यावा हे योग्यच होय. परंतु गावात एक लहानसे घर असे असते की, त्याचा इतिहास क्वचितच कोणी लिहितो. ते घर म्हणजे वाचनालय. पुस्तकांची संख्या अहवालात छापली जाते; पण दररोज ठरल्या वेळी त्या घराचे कुलूप काढणाऱ्या मनुष्याचा उल्लेख सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात त्या घराचा आणि त्या मनुष्याचा वृत्तांत थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

आपल्या प्रांतात सार्वजनिक वाचनालयांचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे १८४० सालचे, आणि पुण्याचे १८४८ सालचे. पुण्याच्या वाचनालयाच्या स्थापनेत लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख ह्यांचा पुढाकार होता. ही जुनी वाचनालये बहुधा वर्गणीवर चालत. ज्यास वर्गणी देण्याची ऐपत, त्यास पुस्तक. इतरांस दार उघडे असूनही नसल्यासारखेच. त्यांतील पुष्कळसा संग्रह इंग्रजी असे. मराठी ग्रंथ एके ठिकाणी जमवून जतन करावे, हा हेतू धरून ठाणे येथे १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले; ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे हे त्याच्या संस्थापकांपैकी एक होत. पुढे १८९८ साली मुंबईसही असेच ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले.

तथापि वाचनालय खेड्यापर्यंत कसे न्यावे, ह्याचा धडा बडोदे संस्थानाने घालून दिला. श्रीमंत सयाजीराव गायकवाड ह्यांनी १९०६ साली आपल्या राज्यात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. परंतु शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती पुढे पुस्तकच न आले, तर शिकलेली अक्षरे तो विसरणार, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९१० साली विल्यम बोर्डन नामक अमेरिकन ग्रंथपालास त्यांनी बडोद्यास आणिले. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. त्यात स्त्रियांकरिता व मुलांकरिता स्वतंत्र विभाग झाले. दूरच्या गावी निवडक पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठविण्यात येऊ लागल्या. जे गाव वाचनालयासाठी स्वतः रक्कम उभी करील, त्यास तितकीच रक्कम स्थानिक मंडळाकडून व तितकीच सरकारातून मिळे. अशा रीतीने वाचनालय हे फुकटचे दान न राहता गावाचे स्वतःचे झाले.

ह्या योजनेतील एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बोर्डन ह्यांनी पुस्तके व कपाटे ह्यांबरोबरच माणसे तयार करण्याकडे लक्ष दिले. १९११ साली बडोद्यास ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग सुरू झाला, आणि १९१२ साली इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तिन्ही भाषांतील मजकूर देणारे एक ग्रंथालयविषयक नियतकालिक निघाले. पुस्तक राखणे ही शिकावी लागणारी विद्या आहे, हे आपल्या देशात ह्या काळी प्रथमच इतक्या स्पष्टपणे मान्य झाले.

ही विद्या नसली, अथवा राखणारा हात नसला, तर काय होते? ह्याचे उदाहरण आपल्या वाचकांस परिचित आहे. भारतातील पहिले मुद्रणयंत्र १५५६ साली गोव्यास आले. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले, व पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले. असे असूनही त्या मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशभाषेच्या वापरावर बंदी घातली. मग लोकभाषेतील ग्रंथांस आश्रय कोठला? छापील प्रती नष्ट झाल्या, परंतु भाविक कुटुंबांनी हाताने उतरून घेतलेल्या प्रती राहिल्या. त्यांच्याच आधारे जोसेफ साल्ढाणा ह्यांनी १९०७ साली मंगळूर येथे हा ग्रंथ पुनश्च प्रसिद्ध केला, आणि १९५६ साली तो देवनागरी लिपीत वाचकांच्या हाती आला. ज्यांनी त्या प्रती पिढ्यान्‌पिढ्या पेटीत जपल्या, त्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणासही ठाऊक नाहीत. ग्रंथपाल ही पदवी त्यांस कोणी दिली नसेल. काम मात्र त्यांनी तेच केले.

ग्रंथपालाच्या ह्या कामास शास्त्राचे रूप देणारे थोर पुरुष म्हणजे डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन. मूळचे हे गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांचा भावार्थ असा की, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाया जाऊ नये. आणि ग्रंथालय हे वाढते शरीर आहे. त्याच वर्षी तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडी येथे पुस्तकांनी भरलेली बैलगाडी खेड्यापाड्यांतून फिरू लागली. वाचक येत नसेल तर ग्रंथानेच त्याच्या दारी जावे, असा तो सरळ विचार होता.

आता लहान वाचनालयातील नित्याचा दिनक्रम पाहावा. तेथे बहुधा एकच मनुष्य असतो. तोच ग्रंथपाल, तोच लेखनिक, आणि शिपाईही तोच. सकाळी झाडलोट करून तो वर्तमानपत्रे मेजावर मांडतो. निवृत्त मंडळी आधी येतात. एकाच पत्राची पाने दोघांनी वाटून घेतल्यावरून जो लहानसा वाद होतो, तोही त्यालाच मिटवावा लागतो. नवे पुस्तक आले की दाखल नोंदवहीत त्याचा क्रमांक चढवायचा, शिक्का मारायचा, विषय पाहून योग्य त्या कपाटात लावायचे. सायंकाळी देवघेवीची वेळ. कोणी गृहिणी मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन पुस्तक बदलून मागविते. तिने काय वाचले आहे व तिला काय रुचेल, हे ग्रंथपालास पाठ असते. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांस घरी जागा नसते, म्हणून त्यांच्यासाठी तो दिवा अर्धा तास अधिक जळू देतो. पावसाळ्यात त्याची खरी कसोटी. कोकणपट्टीच्या दमट हवेत पुस्तकांना बुरशी येते, कसर लागते, भिंतीतून वाळवी चढते. मग कपाटे भिंतीपासून दूर सारणे, डांबराच्या गोळ्या ठेवणे, ऊन पडताच पुस्तके उघडून वारा देणे, सुटलेली पाने चिकटविणे, ही कामे निघतात. दिवाळी आली की दिवाळी अंकांसाठी रांग लागते. काशिनाथ रघुनाथ मित्र ह्यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून चालत आलेली ही परंपरा लहान वाचनालयांच्या आधारावरही टिकून आहे.

कायद्याने ह्या कार्यास आधार दिलेला आहे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ सालचा. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांची अ, ब, क व ड अशा वर्गांत विभागणी होऊन त्यांस अनुदान मिळते. लहान गावांतील पुष्कळ वाचनालये ड वर्गातील. २०२२ साली सरकारने अनुदानात ६० टक्के वाढ केली, तेव्हा ड वर्गाची वार्षिक रक्कम ३०,००० रुपयांवरून ४८,००० रुपये झाली. वाढ स्वागतार्ह खरी. पण हिशेब मांडून पाहावा. ही सर्वच्या सर्व रक्कम एकट्या ग्रंथपालाच्या हाती ठेविली, तरी महिन्यास ४,००० रुपये होतात. आणि त्याच रकमेतून पुस्तके, वर्तमानपत्रे व विजेचे देयक ह्यांचाही खर्च काढावयाचा असतो. म्हणजे हे काम वेतनावर नव्हे, तर निष्ठेवर चालले आहे. परंतु निष्ठेवर घर चालत नाही. आजचा वृद्ध सेवक थकला म्हणजे त्याच्या जागी कोणी तरुण येणार नाही. आणि दार एकदा बंद झाले की आतील पुस्तकांस वाळवीवाचून दुसरा वाचक उरणार नाही.

कोणी म्हणेल, आता हातातील यंत्रावर सर्व काही वाचावयास मिळते, मग वाचनालय कशास? त्यास आमचे उत्तर असे की, यंत्र मागितलेले दाखविते. परंतु काय मागावे हे मुलास कळत नसते. ते सांगण्यास त्याला ओळखणारा मनुष्य लागतो. शिवाय ज्या घरात अभ्यासास कोपरा नाही, तेथील मुलास शांत जागा कोणते यंत्र देणार?

प्रिय बंधुभगिनींनो, महोत्सवाच्या वर्षी पुष्कळ संकल्प होतात. त्यांत एका लहानशा संकल्पाची भर घालावी, अशी आमची विनंती आहे. आपल्या गावच्या वाचनालयाचे सभासद व्हा. वर्गणी मागावी न लागता भरा, नेलेले पुस्तक वेळेवर परत करा, आणि घरातील मुलास आठवड्यातून एकदा तेथे धाडा. ज्यांची ऐपत आहे, त्यांनी पुस्तकांच्या देणगीबरोबर सेवकाच्या मानधनाचीही सोय पाहावी. कारण पुस्तक देणारे पुष्कळ मिळतात, पण पुस्तक राखणाऱ्याची काळजी वाहणारे थोडे. बडोद्याच्या उदाहरणावरून एवढे निश्चित दिसते की, गावाने आपला वाटा उचलला म्हणजे वाचनालय गावाचे होते, आणि जे आपले असते ते टिकते.