खाडीकाठचे रसायन

मिश्रणातील पदार्थ निरनिराळे करण्याच्या कृती आपण सर्वजण शाळेत शिकलो: गाळणे, निवळणे, ऊर्ध्वपातन, स्फटिकीकरण. यांतील शेवटची कृती ठाण्याच्या खाडीकाठी पिढ्यानपिढ्या चालत आली. सारसोळ्यासारखी जी गावे आज नवी मुंबईत मोडतात, त्या मुलखातील आगरी समाजाचे नावच आगरावरून, म्हणजे मिठागरावरून, पडले असे मानतात.

समुद्राच्या पाण्यात सुमारे ३.५ टक्के क्षार असतात. त्यांतले तीन-चतुर्थांशाहून थोडे अधिक आपले खाण्याचे मीठ. ते बाकीच्यांतून वेगळे काढावयाचे कसे? भरतीचे पाणी उथळ वाफ्यांतून फिरवीत उन्हात आटवितात. प्रथम चुन्याचा क्षार तळाशी बसतो, मग जिप्सम. पाणी मूळच्या दहाव्या हिश्शावर आले की मिठाचे दाणे धरू लागतात. मागे उरते ते मॅग्नेशियमचे कडू पाणी. ते वेळीच सोडून दिले नाही, तर मीठ कडवट होते. उसिग्लिओ याने हा क्रम १८४९ साली भूमध्य समुद्राच्या पाण्यावर मोजून मांडला. आगऱ्याने तो डोळ्यांनी आणि जिभेने पारखला होता. शास्त्राच्या इतिहासात त्याची नोंद व्हावयास हवी होती, असे आम्हांस वाटते.

इंग्रज सरकारने मात्र नोंद ठेवली ती कराची! १९३० साली शिरोड्यास व वडाळ्यास सत्याग्रही मिठागरांवर चालून गेले, ते त्याच करापायी. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहराकरिता शेतांबरोबर मिठागरांच्या जमिनीही गेल्या. आज देशातील बहुतेक मीठ गुजरातेत पिकते.